घाईच्या गाडीतला माणूस

"पाहू ना. घाई काय हाय?"

हे वाक्य पानठेल्यावर ऐकलं असतं तर तुम्ही मान डोलावून पुढे गेला असता. आमच्या समुद्रपुरात ते अँब्युलन्समधला माणूस म्हणायचा. मागचं दार उघडून खाली उतरायचा, खांद्यावरचा दुपट्टा काढून कमरेला बांधायचा, आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांकडे शांतपणे बघायचा आणि म्हणायचा, "घाई काय हाय?" नवखा नातेवाईक असेल तर तो याच्या अंगावरच धावून जायचा. जुने लोक त्या नवख्याला आवरायचे.

माझं औषधांचं दुकान एसटी स्टँडसमोर. दुकानाच्या बाजूला कडुनिंब, आणि निंबाखाली ती गाडी उभी असायची. नव्वदच्या दशकात गावातल्या मंडळाने वर्गणी काढून घेतलेली जुनी मॅटाडोर. वर्गणीदारांची नावं रंगवता रंगवता दोन्ही बाजू भरल्या, मागचं दार भरलं, आणि गाडी हवी असेल तर फोन कुठे करायचा हे लिहायला जागाच उरली नाही. त्यामुळे फोन माझ्या दुकानात यायचा. मी हाक मारायचो, ड्रायव्हर पुढे बसायचा आणि हा मागे, पेशंटजवळ.

मागे बसून तो मुख्यतः गप्पा मारायचा. "गाव कोणतं गा तुह्यं?" इथून सुरुवात. बाई असेल तर माहेर, मग मामाचं गाव, मग मामाच्या सोयऱ्यांचं. पेशंटला झोप येऊ द्यायची नाही, एवढंच त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते त्याने मनावर घेतलं होतं. वर्ध्याचा दवाखाना येईपर्यंत कुठलं ना कुठलं नातं निघायचंच. विंचू चावलेल्या एका बाईच्या मुलीचं लग्न त्याने याच रस्त्यात जुळवलं. बाई बरी झाली आणि संसारही चांगला चालला आहे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर नागपूरला एक वर्ग सुरू झाला. अँब्युलन्समध्ये काम करणाऱ्यांनी शिकायचं, परीक्षा द्यायची आणि इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन असं प्रमाणपत्र मिळवायचं. साऱ्या देशात चालणारं! वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी त्याला मुद्दाम बोलावून सांगितलं, तुम्ही हे कराच.

आता गावात मतांना काय तोटा? मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सर्टिफिकेट भेटलं तं हा इथं राहीन काय?" ड्रायव्हरचं म्हणणं, एवढं लांबलचक इंग्रजी नाव गाडीवर लिहायला जागा कुठे आहे. घरून वहिनी जा म्हणून रोज मागे लागायच्या. हा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पाहू ना. घाई काय हाय?" एक वर्ग भरून संपला, दुसरा संपला. इमर्जन्सीचं शिक्षण आणि हा निवांत! आम्ही यावर किती हसलो असू. त्याच्यादेखतच हसायचो, तोही हसायचा.

शेवटी एकदा तो बघून येतो म्हणून नागपूरला गेला, आणि दुपारच्याच एसटीने परत आला. माझ्या दुकानाच्या बाकावर बसला. हसत नव्हता.

"काय झालं गा?" मी विचारलं.

"पह्यल्याच दिवशी त्यायनं शिकवलं," तो म्हणाला, "का पडलेल्या माणसाले उचलाचं कसं."

एवढं बोलून त्याने समोर बघितलं. समोर वसंताचा एसटीडी बूथ होता.

वसंता म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. गाडी गावात नवीन होती त्या काळातली गोष्ट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस भरताना वर उभं राहून तो पायांनी दाबावा लागतो. वसंता तसाच वरून खाली पडला. लोकांनी घराचं दार बिजागऱ्यांवरून काढून आणलं, त्यावर झोपवून नेऊ म्हणून. तेवढ्यात गाडी आली. तेव्हा हा माणूस पंचक्रोशीत सगळ्यात चपळ. "दार काय करता? घाई करा, घाई!" असं ओरडत त्याने दोस्ताला बगलेत हात घालून उठवलं, गाडीत बसवलं, आणि ड्रायव्हरला गाडी अशी पळवायला लावली की लोकांनी बरेच दिवस कौतुक केलं. वसंता जगला. कमरेखालचं अंग मात्र गेलं. ते पडताना गेलं की उचलताना, हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी गावात सांगणार कोण होतं?

'घाई काय हाय' तेव्हापासूनचं. आणि आम्ही त्याला विनोद समजत होतो.

"आता मले मालूम नाई," तो बाकावर बसूनच म्हणाला. "शिकलो तं मालूम पडन ना."

रस्ता असा किती रुंद! समोरच्या बूथमध्ये सगळं ऐकू जात होतं. वसंताने तिथूनच हाक मारली, "इकडं ये बे."

हा गेला. मीही मागोमाग गेलो, गिऱ्हाईक सोडून.

"काऊन भिऊन राह्यला?" वसंता म्हणाला. "अर्धा कोर्स तं तुनं माह्यावरच केला. उरलेला काऊन सोडून राह्यला? का माहे पाय फुकट गेले म्हणून सांगू लोकायले?"

आमच्याकडे माया अशीच करतात, शिवी दिल्यासारखी. हा माणूस कमरेचा दुपट्टा सोडून भर स्टँडसमोर तोंड पुसत रडला. मला तो त्या दिवसापासून जास्त आवडायला लागला.

पुढच्या वर्गाला तो गेला. पहिल्या खेपेला नापास झाला, कारण तोंडी परीक्षेत पेशंट शुद्धीवर आहे का ते कसं बघाल, असं विचारल्यावर त्याने मामाच्या गावापर्यंत मजल मारली. दुसऱ्या खेपेला पास झाला. प्रमाणपत्र घेऊन आला तो घरी न जाता आधी बूथवर.

वसंताने ते प्रमाणपत्र हातातही घेतलं नाही. "मंग? कोणी नेले माहे पाय? ट्रॉलीनं का तुनं?"

"पक्कं नाई सांगता येत," तो म्हणाला. "पण दारावरच न्याले पाह्यजे होतं."

वसंता म्हणाला, "बरं. चहा सांग."

अध्यक्षांचं मात्र खरं झालं. एवढं शिकलेल्या माणसाला मॅटाडोरमध्ये कोण राहू देतो? नागपूरहून बोलावणं आलं आणि तो बायकोमुलांसह तिकडे गेला. सुरुवातीला सणावारी यायचा, मग तेही कमी झालं. निंबाखालची गाडी बंद पडली. वर्गणीदारांची नावं मात्र अजून वाचता येतात.

तो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात स्टँडसमोर एक स्कूटरवाला घसरून पडला. नेहमीप्रमाणे चहूबाजूंनी माणसं धावली. एकाने बगलेत हात घातला, दुसऱ्याने पाय धरले, तिसरा पाणी घेऊन आला. तेवढ्यात बूथमधून वसंता असा ओरडला की सगळे जागच्या जागी थांबले.

"हात नका लावू बे! घाई काय हाय? माह्या बूथचं दार काढा आधी!"

लोकांनी निमूटपणे दार काढलं. मी वर्ध्याला गाडीसाठी फोन केला. वसंता आपली तीनचाकी सायकल हाताने रेटत पडलेल्या माणसापर्यंत आला, आणि त्याचे डोळे मिटायला लागलेले बघून वाकला.

"गाव कोणतं गा तुह्यं?" त्याने विचारलं.

गाडी आली तेव्हा ते दोघं मामाच्या गावापर्यंत पोचले होते.