ओरडणं काढून टाकलेलं गाणं

सहा वर्षं मी एका बँडमध्ये ओरडायचे. गायचे असं म्हणत नाही, कारण गाणारा दुसरा होता. तो गिटार वाजवायचा आणि गोड गळ्याने गायचा. त्याच्या ओळी संपल्या की माझ्या सुरू व्हायच्या, आणि त्या मी पोटातून, घसा फाटेल अशा ओरडायचे. शिवाय एक ड्रमर आणि एक बेस वाजवणारा. या प्रकाराला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात, पण कामोठ्यात आमच्या घरी तो शब्द सांगून काही उपयोग नव्हता. आईला मी "रॉकसारखं असतं" एवढंच सांगितलं होतं.

ड्रमरच्या मामाचा तुर्भ्याला पुठ्ठ्याची खोकी बनवायचा गाळा होता. रविवारी काम बंद असायचं, तेव्हा खोक्यांच्या थप्प्या भिंतीला लावून आम्ही मध्ये उभे राहायचो. पुठ्ठा आवाज छान पितो. पहिल्या रविवारी मी ओरडले आणि वॉचमनकाका काठी घेऊन धावत आले. "काय झालं? कुनी काय केलं हिला?" तिघं हसायला लागले. काकांना मात्र खात्री पटायला वेळ लागला. जाताना त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "पोरी, खरंच काय नाय ना?"

तसं खरंच काही नव्हतं. एरवी मी कमी बोलणारी. न्हावा शेव्याच्या एका कस्टम एजंटकडे मी कंटेनरची कागदपत्रं बघायचे, आजही बघते. ऑफिसात दिवसदिवस माझा आवाज कुणाला ऐकू येत नसे. आठवड्यातून एकदा तो सगळा एकदम बाहेर यायचा, आणि बाकीचे तिघं त्याच्याभोवती ताल धरायचे. माझ्या आवाजाला कुणीतरी जागा करून देतंय, ही भावना मला त्याआधी माहीत नव्हती. नंतरही आली नाही.

वाशीचा कॅफे असो, नेरूळच्या कॉलेजातला कार्यक्रम असो, समोर तीच तीस-चाळीस मंडळी असायची. सगळे एकमेकांना ओळखायचे, आमचे शब्द त्यांना पाठ. त्यांच्यातल्या कुणाचं लग्न झालं की आमचा एक श्रोता कमी व्हायचा. नवीन सहसा कुणी येत नसे.

एकदा बाबा आले होते. ते बंदरातल्या कंटेनर यार्डात कामाला होते, तिथून तसेच नेरूळला आले आणि मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले. पूर्ण कार्यक्रम ऐकला. परतताना रिक्षात सीवूड्स येईपर्यंत पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "लेकरा, तुला कोणी काही बोललं का?"

"नाही बाबा. गाणं आहे ते."

"गाणं हाय ते कळलं. पण एवढं आतून येतंय म्हणल्यावर इचारावं वाटलं."

एवढं आतून काय येतं, ते खरंतर मलाही नीट माहीत नव्हतं.

आणखी एका दिवसाबद्दल सांगायला हवं, कारण तो मला सगळ्यात जास्त छळतो. बेसवाला ऐरोलीच्या एका कंपनीत होता. त्याच्या ऑफिसातले पाच-सहा जण एका संध्याकाळी आम्हाला ऐकायला आले. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं तशीच. एका गाण्यात मध्येच सगळं थांबतं आणि मग मी सुरू होते. तिथे गाणं संपलं असं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माइकमध्ये म्हटलं, "अजून संपलेलं नाही, साहेब." आमची चाळीस माणसं खो खो हसली. मलाही फार बरं वाटलं.

नंतर त्यांच्यातला एक चष्मेवाला माझ्याकडे आला. म्हणाला, "तुम्ही ओरडता तेव्हाचे शब्द मला कळले नाहीत. पण आत काहीतरी हललं. शब्द काय आहेत ते?"

"नीट ऐकलं असतं तर कळले असते," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, सॉरी म्हणाला आणि गेला. बेसवाल्याने त्यानंतर ऑफिसातल्या कुणाला बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीतल्या माणसाने आमच्या एका गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग ऐकून आम्हाला भेटायला बोलावलं. आम्ही चौघं गेलो. माणूस वाईट नव्हता. गाणं त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं, कुठली ओळ कुठे येते ते त्याला माहीत होतं. म्हणाला, "मॅडम, मला तुमचा पार्ट आवडतो. पण लोक गाडीत गाणी लावतात, शेजारी आई बसलेली असते. तुमचा पार्ट आला की हात आवाज कमी करायला जातो. एकदा हात गेला की ते गाणं परत लावत नाहीत. तेच शब्द गाऊन बघाल का?"

मी गाऊन पाहिलं. काचेच्या खोलीत, हेडफोन लावून. आवाज बरा होता, बेसूर नव्हता. पण तो कुणाचाही असू शकला असता. रेकॉर्डिंग लावलं तेव्हा चौघांनीही ते ऐकलं.

परत आल्यावर नेरूळ स्टेशनबाहेर चहाला थांबलो. गिटारवाला कप फिरवत होता.

"तुझं काय म्हणणं आहे?" त्याने विचारलं.

"तुमचं काय आहे?"

ड्रमर म्हणाला, "असा चान्स परत नाही यायचा यार." बेसवाला रस्त्याकडे बघत होता.

"माझ्याशिवाय करा मग," मी म्हटलं. मला वाटलं होतं, एकजण तरी 'नाही' म्हणेल. गिटारवाल्याने एवढंच विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हटलं, चहा संपवला आणि उठले.

गाणं आलं. ऑफिसच्या बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर मला ते अचानक ऐकू आलं. माझ्या ओळींच्या जागी त्यांनी कीबोर्ड भरला होता. तिथे माझा श्वास आपोआप वर चढला आणि तसाच राहिला. बसमध्ये कुणाचं लक्ष नव्हतं. ज्याचा मोबाइल होता त्याने पुढचं गाणं लावलं.

काही आठवड्यांत ते गाणं विसरलं गेलं. नव्या लोकांना ते इतर शंभर गाण्यांसारखं वाटलं, जुन्या चाळीसांना तो दगा वाटला. वर्षभरात तिघंही पांगले. गिटारवाला बेंगळुरूला गेला.

असे बँड मोठे का होत नाहीत, यावर मी खूप विचार केलाय. कंपनीवाल्यांना दोष देऊन पाहिला, लोकांच्या कानांना दिला. ते संगीत माणसाला हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायला लावतं आणि तेवढी कुणाला सवड नसते, हेही खरं. पण आम्हाला मोठं व्हायचं होतं आणि अनोळखी माणूस मात्र नको होता. कुणी चुकून दारात आला तर आम्ही त्याला हसायचो. तो चष्मेवाला चारच ओळी मागत होता. मी त्या कागदावर लिहून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

बाबा निवृत्त झाल्यावर आई-बाबा गावी गेले. कामोठ्याच्या घरात आता मी एकटीच असते. भिंती पातळ आहेत, सोसायटीत लहान मुलं आहेत. मी ओरडत नाही.

मागच्या महिन्यात, रविवारी दुपारी, गिटारवाल्याचा फोन आला. कितीतरी वर्षांनी.

"आपलं ते पहिलं रेकॉर्डिंग, तुझ्या आवाजातलं, तुझ्याकडे आहे ना? मुलीला ऐकवायचंय."

"माझ्याकडे नाही. मला वाटलं तुझ्याकडे असेल."

"मला वाटलं तू ठेवलंच असशील."

ड्रमरला विचारून झालं होतं, बेसवाल्यालाही. कुणाकडेच नव्हतं.

"तिला काय सांगू मग?" त्याने विचारलं. "कसं होतं ते?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आधी तू गायचास, मग सगळं थांबायचं, मग मी. सांगताना ते अगदीच किरकोळ वाटायला लागलं. मधेच पलीकडून मुलीने त्याला हाक मारली. "एक मिनिट हं," तो म्हणाला. मी फोन कानाला लावून बसले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी हसलं. बऱ्याच वेळाने तो आला आणि म्हणाला, "सॉरी, नंतर करू का?"

"कर ना," मी म्हटलं.