कपाटातले प्लग

घाटकोपरच्या मेकॅनिकने माझ्या गाडीचे चारही प्लग काढून दाखवले. टोकं काळी पडली होती.

"साहेब, गॅरंटीचा शेवटचा महिना आहे. आत्ताच बदला, फुकटात होईल."

मी म्हटलं, "गाडी चालतेय ना? मग जुनेच परत बसव आणि नवे मला दे."

त्याने मान हलवली, कागदावर प्लग बदलल्याचं लिहिलं आणि नव्यांची डबी माझ्या हातात ठेवली.

आमच्या घरात नवं काही लगेच वापरायची पद्धत नव्हती. नव्या चादरी ट्रंकेत, चांगले कप पाहुण्यांसाठी. मुलुंडला घरी आलो तेव्हा वडिलांनी ती डबी स्वतः कपाटात ठेवली, चांदीच्या ताम्हनाशेजारी. "शहाणा झालास," म्हणाले. त्यांनी माझं केलेलं तेवढंच कौतुक मला आठवतं.

चार महिन्यांनी एका दमट सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. गाडी नुसती खोकत राहिली. शेजाऱ्यांनी ढकलली, तरी सुरू होईना. डबी मला आठवत होती, पण प्लग खोलायचा पाना घरात नव्हता. त्या काळी मुलुंडला टॅक्सी सहज मिळत नसे, शेवटी टांगा आणला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला येणारे म्हणायचे, वेळ आली की जायचंच. मला ते वाक्य अजून ऐकवत नाही.

तेराव्यानंतर मेकॅनिकला घरी बोलावलं आणि डबी दिली. दहा मिनिटांत नवे प्लग बसले. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. तो आवाज आत आईलाही ऐकू गेला असणार. ती बाहेर आली नाही.