मानाची हळद आणि भांड्यांचा टेम्पो

मंगळवार, सकाळची वेळ. हजर: सायकॉलॉजिस्ट मॅडम, मी आणि माझे मिस्टर.

"हा आजार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही हायली सेन्सिटिव्ह आहात, म्हणजे अतिसंवेदनशील. आवाज, उजेड, वास, समोरच्याचा मूड, सगळं तुमच्या आत जास्त खोल जातं. हा जन्मापासूनचा स्वभाव आहे."

"म्हणजे गोळी नाही?" मिस्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग काहीच नाही की. चल, मिसळ खाऊन जाऊ."

इथवर कशी पोचले ते सांगते. तुमच्यापैकीही कुणी आज कानाच्या दवाखान्यात नंबर लावून बसलं असेल.

भावाच्या मुलीची हळद पंचवटीत, त्याच्या दारातच होती. अरुंद गल्ली, भिंतीला लागून डीजे. मी एकुलती आत्या, पहिली हळद माझ्या हातची. सामानाची सगळी व्यवस्थाही मीच लावली होती. पण डीजे सुरू झाला आणि छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. जरा वेळ म्हणून भांड्यांच्या टेम्पोत जाऊन बसले आणि काचा वर केल्या. पोरगी पाटावर थांबली होती, सगळे मला शोधत होते. शेवटी शेजारच्या काकूंनी हळद लावली.

भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, तुला आमचं सुख बघवत नाही का?" त्यानंतर त्याचा फोन नाही.

मग तपासण्या. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख: नॉर्मल. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी: नॉर्मल. कानाचे डॉक्टर हसले, "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." मला मात्र रडू आलं. काही निघालं असतं तर रिपोर्ट भावाला दाखवता आला असता. आजारी माणसाकडे लोक शहाळी घेऊन येतात. स्वभावाला भेटायला कोण येणार?

"उठून जा, पण सांगून जा," हे मॅडमचं सांगणं मला सगळ्यात उपयोगी पडलं. त्यांचे उपकार आहेत. मिस्टर आता टीव्ही लावण्याआधी माझ्या खोलीचं दार ओढून घेतात.

पुढच्या रविवारी त्याच भाचीचं डोहाळजेवण आहे, भावाकडेच. आमंत्रण तिनेच पाठवलं: "आत्या, नक्की ये."

ओटीचं सामान आणलं. साडीला फॉल लावून झाला. कानात घालायला कापसाचे बोळे पर्समध्ये ठेवले. भावाला फोन करून सांगायचं, की मी येणार आहे, आणि मधेच उठले तर गच्चीवर असेन.

ते राहिलंय.