मीठवाल्या नानांचा थवा

मीठवाले नाना बाहेरून आले की आधी माशांच्या टाकीत बोट बुडवून जिभेला लावत. चव बरोबर असली तर चपला काढत. फिकी लागली तर कोपऱ्यातल्या पोत्यातलं मोठं मीठ बादलीत विरघळवायला बसत. पाहुणा दारात उभा असला तरी त्याला थांबावं लागे. मी कितीदा तरी थांबलो आहे, आणि मला थांबायची सवय नाही.

नाना धुळ्याचे, एसटीचे ड्रायव्हर. नोकरीची शेवटची वर्षं कोकणाकडच्या गाडीवर काढली आणि तिथल्या खाडीतून नखाएवढी पिल्लं डब्यात घालून आणली. खाडीचं पाणी धड समुद्राचं नाही, धड नदीचं नाही. या माशांना तसंच लागतं. नानांच्या घरात ती तळहाताएवढी झाली. चपटी, चंदेरी, डोळ्यावरून काळा पट्टा. सगळी एकदम वळली की भिंतीवर उजेड हले. शेजारी त्यांना पापलेट म्हणत आणि कधी तळणार असं विचारत. आधी तुमचा बोकड कापा, मग बघू, असं नाना सांगत.

मी जळगावचा, धंदा काचेचा. फुटक्या तावदानांपासून सुरुवात केली, कोणाच्या आधाराने नाही. ती टाकी माझ्या हातची. भाव करताना माझ्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले, पण नाना एकदा आकडा सांगून गप्प बसत आणि बोलून बोलून मीच खाली येई. त्याचा राग मला पुढे बरेच दिवस होता. तरी धुळ्याला गेलो की त्यांच्याकडे चहा घेतल्याशिवाय परतत नसे.

वीज गेली की पंप बंद पडे. मग नाना स्टुलावर बसून तांब्याने टाकीतलं पाणी काढत आणि उंचावरून परत सोडत, म्हणजे त्यात हवा मिसळते. वीज येईपर्यंत हात थांबवायचा नाही. एकदा त्यांचा खांदा आखडला, तेव्हा तांब्या माझ्या हातात आला. मी वीज कंपनीला शिव्या घालत होतो आणि नाना शांतपणे म्हणत होते, शिव्या दे, पण धार बारीक ठेव.

पुढे भुसावळच्या एका हॉटेलवाल्याला गल्ल्याजवळ शोभेला दोन मासे हवे होते. मी त्याला नानांकडे घेऊन आलो. नाना नाही म्हणाले. मी भाव चढवला, मग आवाज चढवला. हॉटेलवाल्यासमोर माझी शोभा झाली होती. नाना अहिराणीत एवढंच बोलले, "एकटा मासा माजस, दोन भांडतस. बठ्ठा संगे ऱ्हायनात तरच शांत ऱ्हातस." सगळे एकत्र राहिले तरच शांत, म्हणे. मी दार आपटून निघालो आणि बरेच महिने तिकडे फिरकलो नाही.

नंतर नानांना दम लागायला लागला. काकू आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. भेटायला गेलो तेव्हा सोनगीरचे त्यांचे थोरले भाऊ, आबा, खाटेजवळ बसले होते. नानांनी टाकीकडे बोट दाखवलं आणि आबांच्या देखत म्हणाले, "मना मांगे ह्या बठ्ठा तू लई जाय. थवा तोडू नको." मी मान हलवली. आयुष्यात घासाघीस न करता ठरलेला तो माझा एकच सौदा.

नाना गेले तेव्हा मला कोणी कळवलं नाही. गोतातल्यांना निरोप गेले. मी गोतातला नव्हतो. एका ओळखीच्या कंडक्टरकडून कळलं तोवर त्याच दिवशी सकाळी दहावा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो केला, ड्रममध्ये खारं पाणी भरून घेतलं आणि धुळे गाठलं.

टाकी रिकामी होती. तळाला ओली वाळू. आबांच्या घरच्या अक्का भांडी आवरत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. दहाव्याला पांझरेच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. लोक एकेक इच्छा बोलून पाहू लागले. बहिणीने सांगितलं, वर्षश्राद्ध करू. पुतण्याने सांगितलं, घर विकणार नाही. ऊन चढलं तरी कावळा झाडावरच. शेवटी कोणीतरी म्हणालं, नाना, तुमच्या माशांना मोकळं करतो. कावळा लगेच खाली आला. संध्याकाळी हंड्यांत घालून सगळे मासे नदीत सोडले.

मी नदीवर गेलो. उन्हाळ्याची पांझरा, पुलाखाली गुडघाभर डबकं. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. दोनतीन जिवंत होते, अंगाने काळे पडलेले, एकमेकांना चिकटून कलंडत होते. मी ओंजळीत धरायला गेलो तर तेही उलटले.

आबा मागून येऊन उभे राहिले. मी त्यांच्या अंगावरच गेलो. म्हटलं, तुमच्या देखत त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. इतक्या इच्छा बोललात, तर मासे काचवाल्याला देतो असं एकदा म्हणून का नाही पाहिलं?

आबा म्हणाले,

"तुनं नाव लेवानं कोनलेच सुचनं नही, भाऊ."

काठावर कावळे उतरू लागले होते. आता त्यांना कोणी काही कबूल करायची गरज नव्हती.