सातमाशा भाचा आणि माझी शहाणी भेट

माझ्या धाकट्या बहिणीला, कौशीला, सातव्याच महिन्यात मुलगा झाला, तेव्हा त्या पोराच्या जिवाला दोन धोके होते : पौषातली थंडी आणि नातेवाईक. मी जालन्यात होते म्हणून पहिले आठ दिवस दोनच. नवव्या दिवशी मी पोचले.

कौशीचं सासर आष्टीला. (पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण या पोरानं आईला गाडी जुंपायचीसुद्धा सवड दिली नाही.) माझा मेहुणा गणपतराव याचं कार्ड आलं : ‘बाळ फार लहान आहे. सुईणबाई म्हणतात, जपावं लागेल.’ एवढंच. माणूस शेतकरी, शब्द बियाण्यासारखे मोजून टाकणारा.

मी ताबडतोब ठरवलं की, नेण्याजोगी भेट सुचेल तर ती मलाच सुचेल. आष्टीचे लोक काय आणणार हे मला पाठ होतं. मी स्टेशनाजवळ राहणारी, रोज आगगाडी बघणारी बाई. माझी अक्कल त्यांच्यापेक्षा चार गावं पुढे होती.

आमचे हे म्हणाले, “एक कार्ड टाकून विचार ना, काय पाह्यजे म्हणून.”

“विचारून न्यायची तर मंग माझं डोकं कशाला?” मी म्हणाले.

“तेच म्हणून राह्यलो मी,” हे म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी विचार केला. बाळ अशक्त. कौशीला दूध उतरलं नसेल. बाळाला काय पचेल? शेळीचं दूध! बाकीचे बाळासाठी टोपडी आणतील, आई-बापाची अडचण कोण ओळखतो? मी! (हे वाक्य मी शेजारच्या तिन्ही घरांत जाऊन म्हणून आले.) आणि आठवडी बाजारातून शेळी घेतली. पांढरी, काळ्या कानांची, कास टम्म भरलेली. विकणारा म्हणाला, “बाई, दोन्ही वख्त दूध देती. बिलकुल शरीफ बकरी आहे.”

शरीफ! परतूर स्टेशनापर्यंत ती गार्डाच्या डब्यातून आली आणि उतरली तेव्हा तिच्या तोंडात गार्डाच्या हिरव्या झेंडीचं टोक होतं. पुढे आष्टीपर्यंत बैलगाडी. मी, शेळी आणि माझी नवी साटणीची रजई. (खेड्यातल्या घोंगड्या मला टोचतात.) गाडीवान अर्धा रस्ता वळून वळून शेळीकडे बघत होता. मग न राहवून म्हणाला, “बाई, आष्टीत शेळ्या सरल्या काय?”

मला त्याच्या अडाणीपणाची कीव आली.

घरी पोचले तर ओसरीवर जत्रा. सखूबाई सुईणीनं बाळाला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं होतं, भोवती गरम वाळूच्या पुरचुंड्या लावल्या होत्या आणि खोलीचं दार लावून बजावलं होतं : कोणी आत यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. त्यामुळे सगळे पाहुणे ओसरीवर बसून दाराकडे तोंड करून मोठ्यानं बोलत होते. भेटी तिथेच रचलेल्या. काय त्या भेटी! गणपतरावाच्या मंठ्याच्या आत्याबाईंनी चांदीचे वाळे आणले होते, ते बाळाच्या पायात नव्हे, कमरेत बसले असते. कोणी जरीची कुंची आणली होती. तिच्यात बाळ ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत हाती लागलं नसतं. आणि एका चुलत्यानं आणला होता पांगुळगाडा! ज्या पोराला अजून धड श्वास घेता येत नव्हता, त्याला चालायला पांगुळगाडा!

आत्याबाई डोळ्याला पदर लावून दर नव्या पाहुण्याला सांगत होत्या, “सातव्याचं जगतं म्हंतात, पर ह्ये लईच बारीक हाय हो!” भिंतीपलीकडे कौशी हे सगळं ऐकत पडली होती.

मी शेळी पुढे केली. “बाळाच्या दुधाची सोय,” मी सहज बोलल्यासारखं म्हणाले.

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. शेजारच्या भिवराबाई हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांचं घर धनगराचं, दारात साठ शेळ्या. पहिल्या दिवसापासून त्याच दूध आणून देत होत्या आणि सखूबाई ते कापसाच्या वातीनं बाळाला थेंब थेंब पाजत होती. भिवराबाईंनी वाटी खाली ठेवली, माझ्या शेळीचं तोंड उघडून दात पाहिले, मग कास दाबली.

“बाई, दोन दिस पिळली न्हाई म्हणून फुगली हाय. आटत आलीया ही. आन् दात बघता, माझ्या सासूच्या बरोबरीची असंल.”

आत्याबाईंचे डोळे एकदम कोरडे झाले. गेल्या नऊ दिवसांत त्यांना एवढा आनंद झाला नसावा.

मी तोऱ्यात शेळी ओसरीच्या खांबाला बांधली आणि रजई बगलेत मारून हातपाय धुवायला गेले. माझी गाठ (गाठसुद्धा शहरीच!) किती वेळ टिकली ठाऊक नाही. परत आले तर कुंचीची जर शेळीच्या तोंडातून लोंबत होती, डिंकाच्या लाडवांचा डबा पालथा होता, आणि ती कोपऱ्यातल्या एका पोत्यात मान घालून उभी होती.

“अगं बया, कापूस!” भिवराबाई ओरडल्या.

तो साधा कापूस नव्हता. आठ दिवस गणपतरावानं रोज अंगणात बसून एकेक सरकी बोटांनी काढून तो मऊ केला होता. बाळाचा ओला कापूस बदलायला तोच. शेळीनं खाल्ला तेवढा खाल्ला, उरलेला तुडवला आणि मी दाव्याला हात घालायच्या आत त्यावर मुतली.

नेमकं तेव्हाच दार किलकिलं झालं. सखूबाई आतून म्हणाली, “कापूस द्या जल्दी! ह्यो वला झाला, मी काढून टाकलाय.”

गणपतराव त्या पोत्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या बोटांची टोकं सोलून लाल झाली होती. तो मला एक शब्द बोलला नाही, ते मला आजही सोसत नाही.

“अहो, पोर उघडं हाय!” सखूबाई म्हणाली. तिची नजर पोत्यावरून शेळीवर, शेळीवरून माझ्यावर आणि मग माझ्या बगलेतल्या रजईवर गेली. “ती रजई आणा. नव्या कापसाची दिसते.”

सांगायला लाज वाटते, पण मी म्हणाले, “घरात एखादी जुनी गोधडी न्हाई का?”

सखूबाईनं उंबऱ्याबाहेर हात घातला. मला मनगटाला धरून आत ओढलं. आणि मी पहिल्यांदा भाचा पाहिला. माझ्या वितीएवढा. ओठ निळसर पडलेले. रडायचा प्रयत्न करत होता, पण आवाज फुटत नव्हता. नुसतं तोंड उघडत होतं. कात्री शोधायला कोणी थांबलं नाही. मी रजईची शिवण दातांनी तोडली. मी, जिला घोंगडी टोचते ती बाई, साटण दाताखाली धरून कुत्रीसारखी फाडत होते आणि रडत होते. सखूबाईनं मूठ मूठ कापूस ओढून बाळाला गुंडाळलं, पुरचुंड्या नव्या गरम वाळूनं भरून घेतल्या आणि सूप उराशी धरून बसली. किती वेळ गेला कळलं नाही. मग ती म्हणाली, “हं. लाल व्हाया लागलं.”

कौशी भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांखाली काळं. “ताई,” ती म्हणाली, “शेळी कोणासाठी आणली होती?”

“तुमच्या दोघांसाठी गं.”

“एकदा विचारलं असतं तर?”

“काय सांगितलं असतंस?”

“नऊ दिवस झोपले न्हाई मी. दाराशी कोणी तरी बस. ह्या लोकांना बोलू देऊ नको. आन् ह्यांना म्हणावं, जेवून घ्या. ते जेवत न्हाईत.” एवढं बोलून ती तिथंच आडवी झाली आणि झोपली.

मी बाहेर आले, गणपतरावापुढे ताट ठेवलं, तो जेवेपर्यंत हलले नाही. मग हातात काठी घेऊन उंबऱ्यावर बसले.

आत्याबाई म्हणाल्या, “मी मंठ्याहून आल्ते. बाळ न बघता जाऊ?”

“जा.”

“अन् माझे वाळे?”

“पाच वर्षांनी घेऊन या.”

सव्वा महिना मी तिथून उठले नाही. रडायला आलेल्यांना वेशीत रडून यायला सांगितलं. एका काकूनं ‘लईच बारीक’ म्हणायला तोंड उघडलं, तिला ‘लई’वरच थांबवलं. आयुष्यात प्रथमच माझं तोंड कुणाच्या उपयोगी पडत होतं! शेळीला भिवराबाईंनी आपल्या कळपात नेलं, दया म्हणून. भाचा वाढला. आज तो दारातून वाकून आत येतो.

तीन वर्षांनी कौशीला मुलगी झाली. मला ते कळलं मूल महिन्याचं झाल्यावर. गणपतरावाचं कार्ड आलं, नेहमीसारखं थोडक्यात : ‘मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, तब्येत चांगली. तुम्हांला आधी कळवलं न्हाई, कारण सखूबाई म्हणल्या, पोरीच्या अंगात जरा ताकद येऊ द्या, मंग मावशीला बोलवा.’