पंपाला बांधलेला दोरा

जनरेटर दुरुस्तीला माझी गाडी राजारामपुरीतून निघते आणि बहुतेक वेळा शिव्या खायलाच पोचते. त्या दिवशी जोतिबाच्या पायथ्याशी एका काकींच्या दूध संकलन केंद्रावर गेलो. गावचा ट्रान्सफॉर्मर सकाळीच जळाला होता आणि दूध गार ठेवणारी टाकी बंद पडून तिच्यातलं गावाचं दूध तापत चाललं होतं.

"नासलं तर दूध घालणाऱ्या बायकास्नी तोंड कसं दाखवू?" काकी म्हणाल्या.

जनरेटरच्या डिझेल पंपावरचा ॲक्च्युएटर गेला होता. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, ते हा ठरवतो. त्याची वीज तुटली की दांडी स्प्रिंगनं मागं येऊन डिझेल बंद झालं पाहिजे. नाही आली, तर इंजिन सुसाट सुटतं, फुटतंसुद्धा. मी नवा बसवला, दांडी जोडली, हातानं ढकलून सोडली. खटकन मागं आली. मग नळावर हात धुवायला गेलो.

परत येतो तर नव्या वस्तूला हळदकुंकू, गुलाल, समोर नारळ. नवं लोखंड आलं की पूजा, आमच्याकडं यात सूट नाही. मला घाई होती, तरी हात जोडले.

"मारा की किल्ली आता." काकी ताट घेऊन इंजिनाला खेटूनच उभ्या होत्या.

मी कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारा माणूस. दांडी परत ढकलून सोडली. ती अर्ध्यातच अडकली. वाकून बघितलं, तर दांडीला आणि पंपाला मिळून लाल दोऱ्याचे घट्ट वेढे.

"म्याच बांधला," काकी म्हणाल्या. "मघाशी लई हलत हुतं. जरा धरून ऱ्हाईल म्हटलं."

माझं तोंड सुटलंच. "इंजिन फुटलं असतं तर इथं देव उभा नव्हता काकी, तुम्ही होता."

त्यांनी ताट खाली ठेवलं. मी दोरा सोडवला, दांडी तपासली, किल्ली मारली. इंजिनानं एकसारखा सूर धरला. टाकीच्या तापमानाचा काटा उतरायला लागला, तेव्हा कुठं काकी खाली बसल्या.

"आता ह्यो दोरा कुठं बांधू?"

"कुठंही. हलत्या भागाला नको."

"हात फुडं करा, पावणं."

मशिनवर काम करणाऱ्यानं मनगटाला काही बांधू नये, हे मी सगळ्यांना सांगतो. तरी हात पुढं केला. गाठ मारून झाल्यावर त्यांनी माझा पंजा धरून वर-खाली हलवून बघितला.

"मोकळा हाय," म्हणाल्या.