एक बंद, तरच दुसरं सुरू

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगणघाटच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायची आणि कपाशीच्या बोंडअळीवर पीएचडी करायची. पिकांवरच्या किडींचं एक नवं त्रैमासिक निघालं, त्याचा नमुना अंक ग्रंथपालांनी माझ्या हातात ठेवला आणि मी उभ्या उभ्याच वाचत राहिले. मला वर्षभर छळणाऱ्या प्रश्नावर कुठेकुठे माणसं डोकं घालून बसली होती. हे त्रैमासिक कॉलेजात सुरू झालं नाही तर माझं काम तिथंच अडकणार, हेही कळलं.

पण आमच्या ग्रंथालयाचा एक खडूस रिवाज होता. नवं नियतकालिक हवं, तर जुनं एक बंद करायचं, आणि कोणतं, ते मागणाऱ्यानं समितीत सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं. म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं ओढायचं आणि वर त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायचा. मी मूळची तापट. भांडायच्या तयारीनंच बैठकीला गेले.

"बोला बाई, कोणतं बंद करू?" प्राचार्यांनी विचारलं.

इतिहासाचं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. ते कुणी उघडतसुद्धा नसे. पण इतिहासाचे सर नेमके समोर बसलेले. त्यांच्या देखत ते नाव घेववेना; मी नमुना अंकच चाळत राहिले.

तेवढ्यात भौतिकशास्त्राचे सर बोलले. सगळ्यांत ज्येष्ठ तेच. रोज दुपारी तास संपले की वाचनालयात खिडकीशी बसून खगोलशास्त्राचं मासिक वाचायचे. त्यांच्याशिवाय ते वाचणारं गावात कुणी नव्हतं.

"माझं बंद करा," ते म्हणाले. "तारे काय, तिथंच राह्यतीन. बाईंची अळी कोणासाठी थांबून राह्यली?"

सगळे हसले. मला हसू येईना. एवढं मोठं मन मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी ते इतक्या सहज दाखवलं की आभार मानायलाही मला सुचलं नाही.

पहिला अंक आल्याचं कळताच मी तास संपवून धावत वाचनालयात गेले. अंक फळीवर नव्हता. खिडकीशी सर तो उघडून बसले होते, कपाळाला आठ्या घालून.

"मले काही समजून नाई राह्यलं बाई," ते म्हणाले. "पण आकाश सोडून काय घेतलं, ते पाहू तर द्या."

मी खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून सांगायला बसले.